यूएसबी डिस्क सर्व्हरला आपोआप जोडताना

लिनक्सच्या डेस्कटॉपवर पेनड्राइव्ह लावला की तो लगेच फाइल मॅनेजरमध्ये दिसतो. हे काम कर्नलचे नाही. कर्नल डिस्क ओळखतो आणि तिला एक नाव देतो, एवढेच. ती एखाद्या फोल्डरवर माउंट करण्याची मागणी लॉग-इन केलेल्या माणसाचा डेस्कटॉप ‘यूडिस्क्स’ या सेवेकडे करतो, आणि मग ती ‘/मीडिया’ किंवा ‘/रन/मीडिया’ या फोल्डरखाली उघडते. घरच्या सर्व्हरवर, मग तो रास्पबेरी पाय असो की कोपऱ्यात ठेवलेला जुना पीसी, डेस्कटॉप नसतो आणि पडद्यासमोर कुणी बसलेलेही नसते. मागणी करणारेच कुणी नसल्यामुळे डिस्क लावली, दिवा लागला, तरी पुढे काही घडत नाही. डिस्क बिघडली असा निष्कर्ष काढण्याआधी ‘एलएसबीएलके -एफ’ ही आज्ञा द्यावी. त्या यादीत डिस्क दिसत असेल आणि माउंटचा रकाना रिकामा असेल, तर डिस्क ठीक आहे, व्यवस्था लावायची राहिली आहे.

ही व्यवस्था लावताना बहुतेक मार्गदर्शक टिपणे डिस्क जोडलेली असेल तेव्हाचाच विचार करतात. सर्व्हरचे नुकसान मात्र डिस्क जागेवर नसते तेव्हा होते. केबल ढिली पडते, अ‍ॅडॅप्टरचे बटण कुणीतरी बंद करते, वीज जाऊन आल्यावर डिस्क सर्व्हरपेक्षा उशिरा जागी होते. म्हणून पुढची प्रत्येक ओळ आणि प्रत्येक पर्याय निवडताना एकच प्रश्न विचारावा: या क्षणी डिस्क नसेल तर हा सर्व्हर काय करील?

पहिली चूक नावाची असते. ‘/डेव्ह/एसडीए’, ‘/डेव्ह/एसडीबी’ ही नावे कर्नलला डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने मिळतात. ती दवाखान्यातल्या टोकनसारखी असतात. आज दुसरा असलेला उद्या पहिला असू शकतो. दोन डिस्क लावलेल्या सर्व्हरवर रीबूटनंतर ‘एसडीए’ आणि ‘एसडीबी’ यांची अदलाबदल झाली, तर बॅकअपच्या जागी सिनेमे आणि सिनेमांच्या जागी बॅकअप अशी स्थिती होते, आणि कुठलीही चूक दाखवली जात नाही. त्याऐवजी फाइल सिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे तिचा स्वतःचा ओळख क्रमांक, वापरावा. तो ‘बीएलकेआयडी’ या आज्ञेने कळतो. ईएक्सटी४ वर तो ३६ अक्षरांचा असतो, एनटीएफएसवर १६ अक्षरांचा, तर फॅट आणि एक्सफॅटवर मधे एक आडवी रेघ असलेला ८ अक्षरांचा. डिस्क फॉरमॅट केली की तो बदलतो. शिवाय ‘डीडी’ने एका डिस्कची हुबेहूब नक्कल केली, तर दोन्हींचा यूयूआयडी एकच राहतो, त्या दोन्ही एकाच वेळी लावल्यास कोणती माउंट होईल याची खात्री देता येत नाही. अशा वेळी डिस्क ईएक्सटी४ असल्यास नकलेचा यूयूआयडी ‘ट्यून२एफएस -यू रँडम’ने बदलून घ्यावा.

कायम जोडलेल्या डिस्कसाठी ‘/ईटीसी/एफएसटॅब’ हीच योग्य जागा. तिथल्या ओळीत सहा रकाने असतात: कोणती डिस्क, कोणत्या फोल्डरवर, फाइल सिस्टिमचा प्रकार, पर्याय, आणि शेवटी दोन आकडे. त्यांतला दुसरा आकडा बूटच्या वेळी तपासणी करायची की नाही हे ठरवतो. बाहेरच्या ईएक्सटी४ डिस्कला २ आणि इतर प्रकारांना ० ठेवणे सोयीचे. फोल्डरच्या नावात मोकळी जागा ठेवू नये. ठेवलीच तर या फाइलमध्ये तिच्या जागी ‘\०४०’ असा संकेत, अर्थात इंग्रजी आकड्यांत, लिहावा लागतो, आणि तो विसरला की पूर्ण ओळ निकामी होते.

सर्वांत जास्त मनस्ताप चौथ्या रकान्यामुळे होतो. तिथे नुसते ‘डिफॉल्ट्स’ लिहिले, तर बूट आणि सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या लेखी ती डिस्क बूटसाठी अत्यावश्यक ठरते. डिस्क नसेल तर तो ९० सेकंद वाट पाहतो. मॉनिटर जोडलेला असला तर लाल चांदण्या इकडून तिकडे सरकताना आणि शेजारी सेकंदांचा आकडा वाढताना दिसतो. मुदत संपली की सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबतो. तिथे नेटवर्कच्या सेवा आणि एसएसएच सुरू झालेले नसतात, त्यामुळे दुसऱ्या खोलीतल्या लॅपटॉपवरून सर्व्हर मेल्यासारखा वाटतो. वास्तविक तो जिवंत असतो आणि कीबोर्डवरून रूटचा पासवर्ड मागत असतो. रास्पबेरी पायच्या प्रणालीत रूटचे खाते सहसा कुलूपबंद असते, म्हणून कीबोर्ड जोडूनही आत शिरता येत नाही. मग एसडी कार्ड काढून दुसऱ्या लिनक्स संगणकात लावायचे, एफएसटॅबमधल्या त्या ओळीच्या सुरुवातीला ‘#’ चिन्ह टाकायचे आणि कार्ड परत बसवायचे, हा सर्वांत सोपा मार्ग उरतो. एका बाहेरच्या डिस्कची केबल सुटल्यामुळे घरातले फोटो, जाहिराती अडवणारा डीएनएस आणि कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग असे सगळेच बंद पडते. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत हे हमखास घडते.

यावरचा उपाय ‘नोफेल’ हा पर्याय. तो लिहिला की डिस्क असो वा नसो, बूट पुढे चालू राहते. यूएसबीवरच्या प्रत्येक डिस्कसाठी तो लिहावाच. त्याला अपवाद करण्याचे कारण घरच्या सर्व्हरवर सापडत नाही.

मात्र नोफेलने बूट वाचते, माहिती वाचत नाही, आणि हे फार थोड्या ठिकाणी सांगितलेले असते. डिस्क माउंट झाली नाही तरी ‘/एमएनटी/बॅकअप’ हे फोल्डर जागेवर असतेच, फक्त रिकामे. रात्री दोनला बॅकअपचा कार्यक्रम सुरू होतो, फोल्डर सापडते, आणि तो मुकाट्याने त्यात लिहू लागतो. लिहिले जाते ते सर्व्हरच्या स्वतःच्या कार्डावर. काही रात्रींत कार्ड भरते, लॉग लिहायला जागा उरत नाही, एकेक सेवा कोसळू लागते. मालक येऊन डिस्क नीट लावतो, ती माउंट होते, आणि चुकीच्या जागी लिहिलेल्या सगळ्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात. आता ‘डीएफ’ म्हणते कार्ड पूर्ण भरले आहे, आणि ‘डीयू’ने एकेक फोल्डर मोजले तर बेरीज जुळत नाही. अशा वेळी ‘माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ’ ही आज्ञा द्यावी. मूळ फाइल सिस्टिम दुसऱ्या जागी उघडते, तिच्यावर माउंट केलेल्या डिस्क त्यात येत नाहीत, आणि झाकलेला साठा डोळ्यांना दिसतो. तो तपासून, हवे ते डिस्कवर हलवून मगच पुसावा.

याच्या उलट्या दिशेचा धोका अधिक भयंकर आहे. बाहेरच्या डिस्कवरचे फोटो ‘आरसिंक’ने दुसरीकडे उतरवताना ‘--डिलीट’ हा पर्याय वापरला असेल आणि त्या रात्री मूळ डिस्कच माउंट झालेली नसेल, तर आरसिंकला स्रोत रिकामा दिसतो. स्रोतात काही नाही म्हणून तो नकलेतलेही सर्व काही पुसून टाकतो. डिस्कवरचा मूळ साठा सुरक्षित असतो हे खरे. पण डिस्क गायब होण्याचे कारण तिचा मृत्यू हेच असेल, तर त्या रात्री दोन्ही प्रती जातात.

म्हणून रिकाम्या फोल्डरमध्ये कुणालाच लिहिता येऊ नये अशी तजवीज करावी. डिस्क माउंट नसताना त्या फोल्डरवर ‘सीएचएटीटीआर +आय’ चालवले की रूटलाही तिथे फाइल तयार करता येत नाही. वर डिस्क माउंट झाली की या बंदीचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. एकाच आज्ञेचे हे काम आहे आणि त्याच्याइतका स्वस्त विमा दुसरा नाही. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीलाच ‘माउंटपॉइंट -क्यू’ने खात्री करून डिस्क नसल्यास तिथेच थांबावे; फोल्डरवरची बंदी फक्त लिहिणे अडवते, आरसिंकच्या पुसण्यापासून ही तपासणीच वाचवते. सिस्टमडीने चालणाऱ्या सेवेच्या युनिटमध्ये ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ ही ओळ, शब्दांमधल्या रेघा गाळून, डिस्कच्या फोल्डरचा मार्ग देऊन लिहावी. मग डिस्क माउंट झाल्याशिवाय ती सेवा सुरूच होत नाही. डॉकर वापरणाऱ्यांना याची गरज अधिक. डिस्क माउंट होण्याआधी कंटेनर सुरू झाला, तर त्याला रिकामे फोल्डरच दिसत राहते. नंतर डिस्क आली तरी कंटेनर पुन्हा सुरू करेपर्यंत त्याला तिचा पत्ता नसतो.

‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ हा पर्याय याच प्रश्नाचे वेगळे उत्तर आहे. त्यात बूटच्या वेळी डिस्क माउंट होत नाही. फोल्डरला पहिल्यांदा हात लागेल तेव्हा होते. डिस्क नसेल तर हात लावणाऱ्या कार्यक्रमाला रिकामे फोल्डर न मिळता चूक मिळते, हा मोठा गुण. पण ती चूक मिळेपर्यंतची वाट पुन्हा ९० सेकंदांची असू शकते आणि तोवर साधे ‘एलएस’सुद्धा अडकून बसते. जोडीला ‘एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट’ १० सेकंदांवर ठेवला की त्रास कमी होतो. आठवड्यातून एकदाच लागणाऱ्या बॅकअपच्या डिस्कला ही पद्धत शोभते. दिवसभर वापरातल्या डिस्कला साधे नोफेल आणि वरची तजवीज पुरते.

एफएसटॅब बदलल्यावर ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ देणे अनेकदा राहून जाते. सिस्टमडी त्या फाइलवरून स्वतःची युनिटे बनवतो आणि सांगितल्याशिवाय ती पुन्हा वाचत नाही. जुन्या नोंदीतली डिस्क आता अस्तित्वात नसेल, तर हाताने केलेला माउंट यशस्वी होऊन पुढच्याच क्षणी आपोआप सुटतो, असा चक्रावून टाकणारा प्रकारही घडतो. रीलोडनंतर ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ने फाइल तपासावी आणि ‘माउंट -ए’ चालवून पाहावे. हे दोन्ही निर्धोक पार पडेपर्यंत रीबूट करू नये.

येणारे-जाणारे पेनड्राइव्ह एफएसटॅबमध्ये मावत नाहीत. त्यांच्यासाठी, डिस्क लागल्याची घटना हाताळणाऱ्या यूडेव्हचा नियम लिहून त्यातूनच माउंटची आज्ञा चालवण्याचा सल्ला जुन्या टिपणांत मिळतो. तो आता चालत नाही. यूडेव्ह स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये चालतो, त्यामुळे तिथे माउंट झालेली डिस्क बाकी प्रणालीला दिसतच नाही. शिवाय नियमातून सुरू केलेली प्रक्रिया घटना संपताच मारली जाते. नियमाने फक्त निरोप द्यावा आणि माउंटचे काम सिस्टमडीकडे सोपवावे. त्यासाठी नियमातून ‘सिस्टमडी-माउंट’ ही आज्ञा ‘--नो-ब्लॉक’ आणि ‘--कलेक्ट’ या पर्यायांसह देता येते.

डिस्क दिसते, आज्ञा बरोबर आहे, तरी माउंट होत नाही, तेव्हा कारण बहुधा फाइल सिस्टिममध्ये असते. फॅट, एक्सफॅट आणि एनटीएफएस यांच्यावर लिनक्सची मालकी जशीच्या तशी नोंदलेली नसते, म्हणून तिथे ‘यूआयडी’, ‘जीआयडी’, ‘यूमास्क’ हे पर्याय देऊन मालक ठरवतात. तीच ओळ उचलून ईएक्सटी४ च्या डिस्कला लावली की माउंट नाकारला जातो, आणि येणारा संदेश फाइल सिस्टिमचा प्रकार चुकीचा, पर्याय चुकीचा किंवा सुपरब्लॉक खराब अशा तिन्ही शक्यता एका दमात सांगतो. सुपरब्लॉक हा शब्द वाचून घाबरून चांगल्या डिस्क फॉरमॅट करणारे लोक आहेत. आधी ‘डीमेसेज’च्या शेवटच्या ओळी वाचाव्यात, नको असलेल्या पर्यायाचे नाव तिथे स्पष्ट लिहिलेले असते. ईएक्सटी४ वर मालकी हवी असेल तर डिस्क माउंट करून ‘चोन’ वापरावे.

एनटीएफएसची अडचण वेगळी. विंडोजमधले फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ म्हटल्यावरही विंडोज पुरते बंद होत नाही, आणि त्या अवस्थेत काढून आणलेली डिस्क लिनक्सवर फक्त वाचण्यापुरती उघडते किंवा उघडतच नाही. ती पुन्हा विंडोजला लावून ‘सेफली रिमूव्ह’ करणे हाच बरोबर मार्ग. जबरदस्तीचा पर्याय टाळावा. लिनक्सच्या ५.१५ आवृत्तीपासून कर्नलमध्येच एनटीएफएसचा पूर्ण ड्रायव्हर आहे, तरीही सर्व्हरला कायम जोडून राहणारी डिस्क ईएक्सटी४ मध्येच असावी.

माउंट होऊन तासा-दोन तासांनी डिस्क गळत असेल, तर एफएसटॅब चाळत बसण्यात अर्थ नाही. यूएसबी २ च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ च्या पोर्टने ९०० मिलिअँपिअर द्यावेत असे मानक आहे. रास्पबेरी पाय ४ च्या चारही पोर्टना मिळून १.२ अँपिअर मिळतात. रास्पबेरी पाय ५ ला ५ अँपिअरचा पुरवठा नसेल तर सर्व पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच. फिरत्या तबकडीची अडीच इंची डिस्क सुरू होताना यापेक्षा जास्त ओढू शकते. ‘डीमेसेज’मध्ये डिस्कनेक्ट आणि रीसेट हे शब्द पुन्हा पुन्हा दिसले, तर आधी आखूड आणि चांगली केबल, मग स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला हब, या क्रमाने बदल करावा. तरीही रीसेट थांबले नाहीत, तर संशय डिस्कच्या डबीतल्या चिपवर घ्यावा. काही चिपना यूएएस हा वेगवान ड्रायव्हर सोसत नाही. ‘एलएसयूएसबी -टी’मध्ये तो वापरात दिसला, तर कर्नलच्या कमांड लाइनवर ‘यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स’ लिहून त्या चिपचा विक्रेता क्रमांक, उत्पादन क्रमांक आणि शेवटी ‘यू’ हे अक्षर द्यावे. वेग थोडा घटतो, डिस्क टिकते. रास्पबेरी पायवर ही कमांड लाइन एकाच ओळीत राहिली पाहिजे. मधे नवी ओळ टाकली तर बूट अडू शकते.

सगळे जुळल्यावर चाचणी डिस्क काढून करावी. सर्व्हर रीतसर बंद करून केबल सोडवावी आणि पुन्हा सुरू करावा. दुसऱ्या संगणकावरून एसएसएच लागले पाहिजे. बॅकअप हाताने चालवला तर तो चूक दाखवून थांबला पाहिजे आणि ‘डीएफ’मधला कार्डाचा आकडा जागचा हलता कामा नये. ‘सिस्टमसीटीएल --फेल्ड’मध्ये डिस्कवर अवलंबून असलेल्या सेवा सोडून दुसरी सेवा दिसू नये. मग डिस्क लावून ‘माउंट -ए’ द्यावे, त्या सेवा सुरू कराव्यात आणि बॅकअप पुन्हा चालवावा. एफएसटॅबची ओळ, केबल, हब किंवा डिस्कची डबी यांपैकी काहीही बदलले, तरी ही चाचणी पुन्हा करावी लागते.