दंतसेवा : सार्वजनिक आणि खासगी

दाताचे दुखणे गरीब आणि श्रीमंत असा भेद करीत नाही. त्यावरील उपचारात मात्र तो भेद उतरतो. रायपूर शहरातील शंकर नगरचे उदाहरण घेऊ. तेथील रहिवाशापुढे दोन मार्ग असतात : एक खासगी दंतवैद्याचा दवाखाना; दुसरा, शहरात २००३ साली सुरू झालेले शासकीय दंत महाविद्यालय.

कीड दाताच्या वरच्या थरापुरती असेल, तर खड्डा साफ करून भरता येतो. ती मगजापर्यंत पोहोचली म्हणजे मुळांतील नलिका स्वच्छ करून बंद कराव्या लागतात. ‘रूट कॅनल’ या नावाने परिचित असलेल्या या उपचारास बहुधा अनेक खेपा घालाव्या लागतात. याउलट, दात काढणे एका बैठकीत उरकते.

येथेच तुलनेचे मर्म आहे. खासगी दवाखान्यात वेळ ठरवून मिळते. तिचे मोल पैशांत चुकवावे लागते. शासकीय संस्थेत शुल्क अल्प असते. परंतु रांगेत तिष्ठावे लागते. रोजंदारीवर जगणाऱ्यास प्रत्येक खेप म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी. म्हणून वाचविता येण्याजोगा दातही तो काढून घेतो. दोन्हीकडे किंमत आहेच. नाणे तेवढे निराळे.

विनामूल्य दंतसेवा टिकविणे संपन्न राष्ट्रांनाही जड गेले आहे. ब्रिटनने १९४८ साली ती सर्वांस दिली. पण १९५१ साली कवळ्यांवर आणि १९५२ साली अन्य दंतोपचारांवर शुल्क बसविले. भारतात २०१८ साली सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. त्यामुळे नेहमीचे दंतोपचार सामान्यतः तिच्या कक्षेबाहेर राहतात.

तथापि, प्रश्न केवळ दातांचा नाही. महाराष्ट्रात जशी मशेरी, तसा छत्तीसगडात तंबाखू व गूळ यांपासून केलेला गुडाखू दातांना चोळला जातो. तंबाखूमुळे तोंडात उमटणारा पांढरा चट्टा पुढे कर्करोगाचे रूप घेऊ शकतो. आरंभी तो बहुधा दुखत नाही. जो दुखल्यावाचून दंतवैद्याकडे जात नाही, त्याचा चट्टा कोण पाहणार? न दुखणाऱ्या रोगासाठी माणूस सहसा पदरचे पैसे मोडत नाही. तेव्हा रुग्णाची वाट न पाहता वस्तीत आणि शाळेत जाऊन तोंड तपासणे, हे काम सार्वजनिक सेवेकडेच येते. तिचे यश केवळ काढलेल्या दातांच्या संख्येवरून नव्हे, तर वाचविलेल्या दातांवरून आणि वेळीच ओळखलेल्या रोगावरून मोजले पाहिजे.