अर्धशिशी : काय खाता यापेक्षा केव्हा खाता, हे महत्त्वाचे

‘डॉक्टर, माझं पित्ताचं डोकं आहे,’ असे सांगणारे रुग्ण, विशेषतः भगिनी, माझ्याकडे नेहमी येतात. डोक्याची एक बाजू ठणकते, उजेड व आवाज सोसवत नाही, मळमळते. उलटी झाली की काहींना बरे वाटते. त्यामुळे ‘पित्त पडले आणि डोके उतरले’ असा समज पक्का होतो. प्रत्यक्षात यांतील अनेकांना अर्धशिशी म्हणजे मायग्रेन असते. हा विकार पोटाचा नसून मेंदूचा व मज्जातंतूंचा आहे. मळमळ हे त्याचे कारण नव्हे, लक्षण आहे. उपचार न घेतल्यास झटका ४ ते ७२ तास टिकतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो दुपटी-तिपटीने अधिक आढळतो.

पित्त समजून रुग्ण एकेक पदार्थ सोडू लागतो. आधी तूरडाळ, मग वांगे, टोमॅटो, दही. अंगातली ताकद कमी होते, पण डोके दुखायचे थांबत नाही. झटक्याच्या आदल्या दिवशी काहींना जांभया येतात, चिडचिड होते, गोड खावेसे वाटते. दुसऱ्या दिवशी डोके दुखले की दोष गोडाला दिला जातो. खरे तर ती इच्छाच अनेकदा झटक्याची सुरुवात असते.

अर्धशिशीच्या रुग्णाच्या मेंदूला अचानक बदल सोसत नाही. जेवणाची वेळ टळणे, झोप कमी-जास्त होणे, पाणी कमी पडणे, कडक ऊन, पाळीचे दिवस, ही झटक्याची नेहमीची निमित्ते. यांपैकी जेवणाची वेळ बऱ्याच अंशी आपल्या हाती असते. आपल्याकडे मात्र घरातली बाई सकाळी चहावर राहते आणि सर्वांची पाने उठल्यावर दोन वाजता जेवते. संकष्टीला तर चंद्रोदयापर्यंत, म्हणजे रात्री नऊ-साडेनऊपर्यंत, पोट रिकामे.

यासाठी मी पुढील नियम सांगतो :

१) उठल्यावर तासाभरात काहीतरी खावे. पोहे, उपमा, भाकरी-भाजी, काहीही चालेल. नुसता चहा नको.

२) दर तीन-चार तासांनी थोडे खावे. बाहेर जाताना पिशवीत फुटाणे किंवा शेंगदाणे ठेवावेत.

३) उपवास सोडाच, असा माझा आग्रह नाही. निर्जळी मात्र करू नये. दूध, ताक, केळे, राजगिऱ्याचा लाडू, भगर व दाण्याची आमटी असे दिवसभरात विभागून घ्यावे. एकदाच साबुदाण्याची खिचडी आणि वर चार कप चहा, हा उपवास डोक्याला भोवतो.

४) चहा-कॉफी दिवसाला दोन कप, तेही ठरल्या वेळी. रोज भरपूर चहा पिणाऱ्याने तो एकदम बंद केल्यासही डोके दुखते. हळूहळू कमी करावा. रविवारी उशिरा उठून चहा-नाश्ता लांबवणाऱ्यांचे डोके त्याच दिवशी का दुखते, हे यावरून कळेल.

५) भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशेब लिहितो, तसाच डोकेदुखीचाही लिहावा. दुखणे कधी सुरू झाले, त्याआधी केव्हा व काय खाल्ले, झोप, पाळी आणि घेतलेली गोळी. दोन-तीन महिन्यांत आपले निमित्त आपल्यालाच दिसू लागते. एखादा पदार्थ खाल्ल्यावर वारंवार त्रास होतो असे नोंदीत दिसले, तरच तो सोडावा.

गोळ्यांबाबत एक इशारा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि मिश्र किंवा खास अर्धशिशीच्या गोळ्या १० किंवा अधिक दिवस घेत राहिल्यास गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते. झटके वारंवार येत असतील, तर ते टाळणारी वेगळी औषधे आहेत. त्यासाठी डॉक्टरांना भेटावे. मधुमेही व गरोदर स्त्रियांनी उपवासापूर्वी सल्ला घ्यावाच.

अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, तापासोबत मान आखडणे, एका बाजूचा अशक्तपणा, बोलताना अडखळणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे, यांपैकी काहीही असल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच डोकेदुखी सुरू झाल्यास तपासणी लांबवू नये.

शेवटी घरातल्या मंडळींना एक विनंती. तिला बामची बाटली आणून देता, ते चांगलेच आहे. पण सकाळी तिची न्याहारी झाली का, एवढे रोज विचारा आणि दुपारी तिचे ताट आपल्याबरोबरच वाढा.