ई-इंक की टॅब? आधी पुस्तकांची यादी करा, मग पैसे भरा

जळगावात पिंप्राळ्यातून गोलाणी मार्केटला गेलं की टॅब हातात घेऊन, चालवून बघता येतो. ई-इंकचं वाचनयंत्र मात्र बहुतेकांना न बघताच ऑनलाइन मागवावं लागतं. म्हणून पैसे भरण्याआधी हिशेब चोख हवा आणि त्याची सुरुवात आपल्याला हव्या असलेल्या पुस्तकांपासून व्हायला हवी.

पडद्यातला फरक
ई-इंकच्या पडद्यात सूक्ष्म कुप्यांमध्ये काळे-पांढरे रंगकण असतात. पान उलटताना ते विजेने हलतात आणि जागेवर थांबतात. थांबलेलं पान दाखवायला वीज लागत नाही, म्हणून एक चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. भर दुपारी अंगणात बसलात तरी अक्षर ठळक दिसतं. टॅबचा पडदा आतून उजळतो, त्यामुळे उन्हात वाचणं जड जातं. मात्र रंगीत नकाशे, आकृत्या आणि व्हिडिओ यांसाठी टॅबच हवा.

किती पैसे लागतील?
• ई-इंकचं ७ इंची किंडल पेपरव्हाइट : एप्रिल २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा १६,९९९ रुपये. कव्हर धरून साधारण १८,५००.
• ११ इंची साधा अँड्रॉइड टॅब : साधारण १५ ते २२ हजार. कव्हर आणि काच वेगळी.
• ११ इंची आयपॅड : २०२५ चं मॉडेल आलं तेव्हा ३४,९०० पासून.
भाव सणासुदीला खाली येतात, त्यामुळे घेण्याच्या दिवशी पुन्हा बघा.

विजेचा खर्च मनावर घेऊ नका. टॅब महिन्यातून दहा वेळा पूर्ण चार्ज केला तरी अर्धं युनिटही जळत नाही.

पुस्तकं स्वस्त पडतात म्हणून यंत्र घेणार असाल, तर हा हिशेब करा. छापील प्रतीपेक्षा ई-पुस्तक १०० रुपयांनी स्वस्त मिळालं, तर १८,५०० रुपये वसूल व्हायला १८५ पुस्तकं वाचावी लागतील. महिन्याला दोन पुस्तकं वाचणाऱ्याला त्यासाठी साडेसात वर्षांहून अधिक काळ लागेल. निव्वळ बचतच करायची असेल, तर जळगावच्या व. वा. जिल्हा वाचनालयाची वर्गणी भरणं केव्हाही परवडतं. यंत्र घ्यायचं ते डोळ्यांच्या सोयीसाठी, मोठ्या अक्षरासाठी.

तुमची पुस्तकं कुठे आहेत?
खरी मेख इथे आहे. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून मिळतात, पण हवं ते प्रत्येक पुस्तक तिथे असेलच असं नाही. बुकगंगावरून घेतलेली ई-पुस्तकं त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतात, किंडलवर नाही. अँड्रॉइडवर चालणारी ई-इंक यंत्रंही असतात, पण घेण्याआधी त्यांची दुरुस्ती भारतात कुठे होते ते विचारा.

फुकट पुस्तकांचा साठाही मोठा आहे. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींचं निधन १९५० चं, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तकं २०११ पासून हक्कमुक्त आहेत. मराठी विकिस्रोतावरची पुस्तकं ईपब स्वरूपात उतरवून किंडलला पाठवता येतात. त्यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. ई-साहित्य प्रतिष्ठान आणि साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकं मात्र पीडीएफमध्ये असतात, आणि पीडीएफचं अक्षर पानाला बांधलेलं असतं. साडेआठ इंच उंचीचं डेमी पान ७ इंची पडद्यावर उभं बसवलं की जेमतेम दोन तृतीयांश उरतं, ए-फोर पान निम्म्यावर येतं. मग ‘राष्ट्र’मधला ष्ट्र आणि ‘दुसऱ्या’तला ऱ्य ओळखताना डोळे ताणावे लागतात. तेच डेमी पान ११ इंची टॅबवर मूळ आकारात दिसतं.

घेण्याआधी
१. पुढच्या सहा महिन्यांत वाचायच्या दहा पुस्तकांची यादी करा. किंडल आणि बुकगंगा दोन्हीकडे ती शोधा.
२. किंडलचं अ‍ॅप फोनवर फुकट मिळतं. पुस्तकाचा नमुना उतरवून जोडाक्षरं नीट उमटतात का ते तपासा.
३. ई-इंकचा पडदा फुटला तर दुरुस्ती जवळपास होत नाही आणि खर्च नव्या यंत्राच्या घरात जातो. टणक कव्हर पहिल्याच दिवशी घ्या.
४. किंडल आणि आयपॅड दोन्ही ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो. गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत यंत्र ठेवू नका.

मग काय घ्यावं?
यादीतली सात-आठ पुस्तकं किंडलवर असतील आणि तुम्ही रोज तासभर कथा-कादंबऱ्या वाचत असाल, तर ई-इंक घ्या. स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, बालभारतीची पुस्तकं किंवा जुन्या ग्रंथांचे स्कॅन वाचायचे असतील, तर ११ इंची टॅबच घ्या. यादी दहापर्यंतही पोचली नाही, तर हातातल्या फोनवर दोन पुस्तकं पूर्ण वाचून बघा. गोडी टिकली, तर पैसे तेव्हा खर्च करा.