मंगळवासीयांचा उष्णताकिरण

एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही कादंबरी १८९८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तीत मंगळावरून आलेले आक्रमक एक अदृश्य उष्णताकिरण सोडतात. एका कोठीत तीव्र उष्णता निर्माण करून अन्वस्ताकार आरशाने ती समांतर शलाकेत फेकली जात असावी, असा तर्क कादंबरीचा निवेदक करतो. हे कितपत शक्य आहे?

आरशाच्या नाभीशी असलेला उद्गम बिंदुमात्र असेल, तरच परावर्तित किरण समांतर निघतात. परंतु तप्त पदार्थाला आकार असतोच. समजा, उद्गम १ सेंटिमीटर रुंद असून नाभीचे अंतर १ मीटर आहे. मग १ किलोमीटरवर शलाका सुमारे १० मीटर रुंद होईल. तिची शक्ती १,००० किलोवॅट मानली, तरी तेथे दर चौरस मीटरला सुमारे १३ किलोवॅटच पोहोचतील. म्हणजे भर दुपारच्या उन्हाच्या सुमारे तेरापट. त्याने मनुष्य होरपळेल, पण लोखंड वितळणार नाही.

ही अडचण लेसरने पुष्कळशी दूर केली. १९६० साली थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर सिद्ध केला. त्यातील प्रकाशलहरी एकमेकींशी पाऊल जुळवून चालतात. म्हणून शलाका फारच थोडी पसरते.

मात्र अशी शलाका लोखंडापूर्वी मानवी डोळ्याला इजा करते, कारण नेत्रभिंग तिला दृष्टिपटलावर एकवटते. म्हणूनच कायमचे अंधत्व आणण्यासाठी बनविलेल्या लेसर-शस्त्रांस मनाई करणारा आंतरराष्ट्रीय करार १९९५ साली संमत झाला. कल्पनेतील शस्त्र प्रत्यक्षात उतरण्याचा संभव दिसताच त्याला मर्यादा घालणे, हेही विज्ञानयुगातील मानवाचे कर्तव्यच होय.