भूमीची स्वखुशीची राखण

शेतांतील माती जेथल्या तेथें कशी राहते, हा विचार आपल्या मनांत सहसा येत नाहीं. ती कायमचीच आहे असें आपण धरून चालतों. परंतु एक इंच माती तयार होण्यास निसर्गाला शतकें लागतात, आणि ती नाहींशी होण्यास कधीं कधीं एक वादळ पुरतें. ती राखावी कोणी व कशी, याचा बोध अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या इतिहासांतून चांगला होतो.

त्या देशाच्या मध्यभागीं ‘ग्रेट प्लेन्स’ नांवाचा विस्तीर्ण सपाट प्रदेश आहे. तेथें पाऊस थोडा आणि वारा फार. तेथील माती गवताच्या मुळ्यांनींच धरून ठेविली होती. पुढें पहिल्या महायुद्धांत गव्हाचे भाव चढले, ट्रॅक्टर आले, आणि लक्षावधि एकर कुरण नांगरलें गेलें. पाऊस होता तोंवर पीक आलें. १९३१ च्या सुमारास अवर्षण सुरू झालें तेव्हां पीक करपलें व उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उडूं लागली. १४ एप्रिल १९३५ रोजीं, झावळ्यांच्या रविवारीं, धुळीचें असें प्रचंड वादळ उठलें, कीं दिवसाढवळ्या काळोख पडला. तो दिवस ‘काळा रविवार’ म्हणून आजहि ओळखला जातो. त्या वर्षांत हजारों कुटुंबें घरदार सोडून परागंदा झालीं.

ह्यू हॅमंड बेनेट हे मृदाशास्त्रज्ञ या संकटाची सूचना आधींपासून देत होते. २७ एप्रिल १९३५ रोजीं भूसंरक्षणाचा कायदा झाला व त्या कार्याच्या खात्याचें प्रमुखपद त्यांजकडे आलें. परंतु प्रत्येक शेतावर शिपाई उभा करणें कोणत्या सरकारास शक्य आहे? म्हणून शेतकऱ्यांस शिक्षण देऊन त्यांची संमति मिळविण्याचा मार्ग पत्करण्यांत आला. उताराला आडवी नांगरट करावी, पिकें पट्ट्यापट्ट्यांनीं घ्यावीं, वारा अडविण्यास झाडांच्या रांगा लावाव्या, हें त्यांस प्रत्यक्ष शेतांत दाखविण्यांत आलें.

याच तत्त्वावर १९८५ सालीं ‘कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम’ ही योजना निघाली. ज्या शेतकऱ्याची जमीन लवकर धुपणारी आहे, त्यानें आपण होऊन ती दहा ते पंधरा वर्षें पिकाखालीं न आणण्याचा करार करावयाचा. तींत गवत किंवा झाडें लावावयाचीं. आणि सरकारनें त्याबद्दल दरवर्षीं खंड द्यावयाचा. २००७ सालीं अशी जमीन ३ कोटी ६० लाख एकरांहून अधिक झाली होती. तींत माती टिकली, ओढ्यांतील गाळ कमी झाला व पक्ष्यांना आसरा मिळाला.

कोणी म्हणेल, शेत न पिकविण्याबद्दल पैसे कां द्यावे? उत्तर सोपें आहे. एकाच्या शेतांतील माती शेजाऱ्याच्या घरांत, ओढ्यांत व धरणांत जाते. तिच्या राखणीचा लाभ सर्वांस होतो; तर मग भार एकट्यानेंच कां वाहावा?

तथापि स्वखुशीच्या मार्गांत एक उणेंहि आहे. पुढील वर्षांत धान्याचे भाव चढले, तेव्हां करार संपतांच पुष्कळ शेतकऱ्यांनीं राखलेली जमीन पुन्हां नांगरली. यांत त्यांस केवळ लोभी म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. कर्जाचा हप्ता त्यांच्याहि दाराशीं उभा असतो. पण दहा वर्षांत धरलेली माती दोन हंगामांत सैल होऊं शकते, हें खोटें नाहीं. पैसा शेतकऱ्यास योजनेंत आणूं शकतो. तींत टिकवून ठेवण्यास मात्र समज लागते, आणि ती लहानपणींच रुजावी लागते.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें एक सांगणें आहे. पहिल्या मोठ्या पावसांत नांगरलेल्या उतारावरून व गवताळ उतारावरून वाहणारें पाणी दोन निरनिराळ्या भांड्यांत धरून ठेवा. दुसरे दिवशीं तळाशीं बसलेला गाळ पाहा, आणि तो आपल्या वडिलांसहि दाखवा. कोणाचें शेत किती एकर आहे, हें सातबारा सांगतो. त्या शेताची किती माती वाहून जात आहे, हें तें भांडें सांगेल.