उगवतीचा चंद्र मोठा का? – एका जुन्या प्रश्नाचा अभ्यास

हौशी मंडळींच्या कोणत्याही मंडळात काही प्रश्न दरवर्षी न चुकता उगवतात. आमचे आकाशदर्शन मंडळही त्यास अपवाद नाही. जून-जुलैत नवे विद्यार्थी आले की पहिला प्रश्न ठरलेला, ‘दुर्बीण कोणती घ्यावी?’ याचे उत्तरही ठरलेले आहे: आधी ताराचित्र घ्या, नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रे ओळखा, मग साधी द्विनेत्री. हा प्रश्न शंभरदा आला तरी फलकावर लिहून ठेवावा म्हणजे भागते. परंतु दुसरा एक प्रश्न असा भागत नाही, आणि हे आम्हांला जरा लाजिरवाण्या रीतीने कळले.

गेल्या वर्षी कोजागिरीला प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘दादा, उगवताना चंद्र एवढा मोठा का दिसतो?’’ प्रस्तुत लेखकाने मोठ्या ऐटीत सांगितले, ‘‘अगं, हे मागच्याच वर्षी झालंय. वातावरण भिंगासारखं काम करतं.’’ ती गप्प बसली आणि पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही. नंतर ग्रंथालयात बसून पाहिले, तेव्हा आमचे उत्तर साफ चुकीचे निघाले!

वातावरणामुळे क्षितिजावरील चंद्रबिंब मोठे होत नाही. उलट वक्रीभवनामुळे ते वरून-खालून किंचित चेपल्यासारखे दिसते. शिवाय अंतराचा हिशेब करा. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे. तो माथ्यावर येतो तेव्हा, क्षितिजावर होता त्यापेक्षा पृथ्वीच्या जवळजवळ एका त्रिज्येने, म्हणजे सुमारे ६,४०० किलोमीटरने, आपल्या जवळ असतो. म्हणजे क्षितिजावरचे बिंब वस्तुतः दीड टक्क्याहून थोडे अधिक लहानच असते! छायाचित्रे काढली तर भिंग तेच ठेवून दोन्ही वेळची बिंबे जवळपास सारखी उमटतात. तेव्हा चंद्र वाढत नाही, वाढतो तो आपल्या पाहण्यात.

हा घोटाळा आमच्या एकट्याचा नव्हे, एवढेच काय ते समाधान. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीनेही ‘अल्माजेस्ट’मध्ये दोष वातावरणाकडेच दिला होता. अकराव्या शतकात इब्न अल-हैथम याने प्रश्न पुन्हा हाती घेतला व तो आकाशातून काढून पाहणाऱ्याच्या मनात आणून ठेवला: क्षितिजाकडे मधल्या वस्तूंमुळे अंतर जास्त भासते, आणि दूरची वस्तू तेवढ्याच कोनात दिसली की मन तिला मोठी ठरवते. १९४० मध्ये होलवे व बोरिंग यांनी डोळे वर उचलून पाहण्याकडे बोट दाखविले. १९६२ मध्ये कॉफमन व रॉक यांनी आरशांच्या साहाय्याने आकाशात कृत्रिम चंद्र दाखवून प्रयोग केले. मधली जमीन झाकली की भ्रम मावळतो, असे त्यांना आढळले. वाद संपला, असे वाटेल. पण नाही. बहुतेकांना विचारा, मोठा दिसणारा चंद्र त्यांना जवळ वाटतो, दूर नव्हे! मग दूर भासल्यामुळे मोठा दिसतो, हे म्हणणे कसे टिकावे? या गाठीवर जाणकारांचे आजही एकमत नाही.

यंदा कोजागिरीला आम्ही गच्चीवर प्रयोग केला. साधन एकच – अख्ख्या मसुराचा दाणा. हात लांब करून तो एक डोळा मिटून धरला, तर साधारण अर्ध्या अंशाचे चंद्रबिंब झाकले जाते. चंद्र उगवताना झाकून पाहिले आणि मध्यरात्री तो माथ्याजवळ आल्यावर, आटीव दुधाचे पेले बाजूला ठेवून, पुन्हा पाहिले. दाणा दोन्ही वेळी पुरला. ओणवे होऊन पायांमधून पाहण्याचाही प्रयोग झाला. त्याने उगवतीचा चंद्र कित्येकांना लहान भासतो. आमच्यापैकी काहींना भासला, काहींना नुसती चक्कर आली.

त्या विद्यार्थिनीकडे जाऊन चूक कबूल केली होती, म्हणून तीही आली होती. दाणा धरून ती बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, ‘‘दादा, सारखाच आहे हे मला आता माहीत आहे. तरी हात खाली घेतला की तो परत मोठा का होतो?’’

या वेळी ‘मागच्या वर्षी झालंय’ असे कोणी म्हटले नाही. प्रश्न तारखेसह मंडळाच्या वहीत लिहिला आहे. त्याखालची जागा कोरी ठेवली आहे.