आंबेनळीचे पाय, निचनाईची हवा

भातलावणी उरकलेली असते आणि गणपतीला अजून अवकाश असतो. महाड-पोलादपूरच्या एखाद्या गटाने याच दिवसांत काश्मीरमधला सरोवरांचा ट्रेक आखला, तर वाट साधारण ठरलेली असते. सोनमर्गहून निघायचे, विशनसर, किशनसर, गडसर, सतसर आणि गंगबल पाहायचे, हरमुख शिखराच्या हिमनद्या डोळ्यांत साठवायच्या आणि सातव्या दिवशी नारानागला उतरायचे. पायांची काळजी या मंडळींना नसते. भर पावसात आंबेनळीच्या आसपासच्या वाटा तुडवलेल्या असतात, रायगडाच्या पायऱ्या तर लहानपणापासूनच्या ओळखीच्या.

पाय तयार असतात, यात शंका नाही. छातीला मात्र त्या हवेची ओळख नसते.

रायगड सुमारे ८२० मीटर उंच आहे आणि प्रतापगड १,०८० मीटर. आंबेनळी घाट संपून महाबळेश्वर आले की उंची साडेतेराशेच्या आसपास जाते. राज्यातले सर्वांत उंच कळसूबाईही १,६४६ मीटरवर थांबते. विरळ हवेचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरनंतर सुरू होतो, म्हणजे सह्याद्रीत आयुष्यभर भटकलेल्या माणसालाही तो कधी जाणवलेला नसतो. या ट्रेकवरची गडसर खिंड जवळजवळ ४,२०० मीटरवर आहे. तिथे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या तुलनेत सुमारे साठ टक्केच असतो.

कमी प्राणवायूशी जुळवून घ्यायला शरीराला काही दिवस लागतात. व्यायामाने ते दिवस कमी होत नाहीत. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये हिमालयात आजारी पडलेल्या १,९२५ भारतीय जवानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती कसलेली, तरणीबांड माणसे होती. उलट, दमदार गडी भराभर चढतो आणि शरीराला सवडच देत नाही, म्हणून त्याने जास्त जपायला हवे.

त्रासाची सुरुवात साधी असते. उंचीवर पोचल्यावर सहा ते बारा तासांत डोके दुखू लागते, मळमळते, जेवण नको वाटते, झोप लागत नाही. घाटातल्या वळणांवर गाडी लागण्याची सवय असलेला माणूस ‘पित्त झालं असेल’ म्हणून गोळी घेतो आणि गप्प बसतो. इथेच चूक होते. दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत उंचीवरची डोकेदुखी विरळ हवेचीच मानावी, सोबत्यांना लगेच सांगावे आणि ती थांबेपर्यंत पुढच्या मुक्कामावर चढू नये.

याहून गंभीर प्रकार दोन. एकात मेंदूला सूज येते. माणूस बरळतो, त्याचा तोल जातो, टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालता येत नाही. दुसऱ्यात फुप्फुसांत पाणी होते. बसल्या जागी धाप, कोरडा खोकला, निळसर ओठ आणि पुढे गुलाबी फेस, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री.

फुप्फुसांत पाणी होणे महाड परिसराला नवे नाही. १९७६ पासून बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणाऱ्या रुग्णांमध्ये हेच पाहिले. प्राझोसिन या औषधाने त्यांनी कितीतरी जीव वाचवले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्ही आजारांत फेस दिसतो, पण कारणे वेगळी. विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येऊन ते कमजोर पडते. उंचीवर हृदय धडधाकट असते. प्राणवायू कमी पडल्याने फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यांतला दाब वाढतो आणि पाणी झिरपते. म्हणून ‘माझा ईसीजी नॉर्मल आहे’ हा दिलासा इथे पुरत नाही. पहिला उपचार एकच, रात्र असली तरी रुग्णाला ताबडतोब खाली नेणे. प्राणवायू मिळाला तर तोही लावावा.

नेमके हेच या वाटेवर कठीण आहे. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस कोसळली, तेव्हा परिसरातले गिर्यारोहक दोर लावून दरीत उतरले, कारण वर डांबरी रस्ता होता. विशनसरला रस्ता नाही. तिथून मागे फिरायचे तर चार हजार मीटरवरची निचनाई खिंड पुन्हा चढावी लागते, पुढे जायचे तर गडसर. खाली जाण्यासाठी आधी वर चढावे लागते. त्यामुळे खरा निर्णय खिंडीअलीकडच्या निचनाई मुक्कामावरच व्हायला हवा. तिथे सकाळी डोकेदुखी किंवा उलटी कायम असेल, तर त्या व्यक्तीला जाणत्या सोबत्याबरोबर सोनमर्गकडे उतरवावे. आजाऱ्याला एकटे कधीही पाठवू नये.

३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंचावू नये, असा वैद्यकीय नियम आहे. सोनमर्ग सुमारे २,७०० मीटरवर, निचनाईचा मुक्काम साडेतीन हजारांच्या आसपास, म्हणजे पहिल्याच दिवशी उडी मोठी. सोनमर्गला दोन रात्री काढाव्यात. मधल्या दिवशी थाजिवास हिमनदीच्या बाजूला चढून जावे आणि झोपायला खाली यावे. या दिवसांत दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण वर्ज्य.

अ‍ॅसेटाझोलामाइड, म्हणजे दुकानात मिळणारी डायमॉक्स, जुळवून घ्यायला मदत करते. प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून दिली जाते. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. सल्फाची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असल्यास ती आपल्या मनाने घेऊ नये. मधुमेह, रक्तदाब, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावे. इन्शुलिन गोठले की निकामी होते, म्हणून ते रात्री अंगाजवळ ठेवावे.

सरोवर दिसले की सावित्रीच्या डोहात पोहलेल्या मुलांना मोह होतोच. बर्फाच्या पाण्यात उडी मारताच श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, पाणी छातीत जाते आणि पट्टीचा पोहणाराही बुडतो. काठावरूनच पाहावे. पाणी काचेसारखे नितळ असले तरी कुरणांत मेंढ्या आणि घोडे चरत असतात, तेव्हा ते उकळूनच प्यावे. चार हजार मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळते, पण जंतू मारायला तेवढी उष्णता पुरते. बर्फावर अतिनील किरण रोखणारा गॉगल हवाच. भिजलेले कपडे मुक्कामावर पोचताच बदलावेत, सुका जोड प्लास्टिकमध्ये बांधून ठेवावा.

कोकणातल्या ट्रेकरसाठी आणखी एक गोष्ट. पावसाळी शेतात अनवाणी उतरलेल्याला लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो आणि त्याची लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात, म्हणजे नेमकी ट्रेकच्या दिवसांत. थंडी वाजून सडकून ताप, पोटऱ्यांत वेदना, लाल डोळे असतील तर विरळ हवेला दोष देऊन थांबू नये. खाली उतरून डॉक्टरांना शेतातल्या कामाची तारीख सांगावी. घरी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तरी लावणी आणि प्रवास, दोन्ही तारखा सांगाव्यात.

परतीचे तिकीट काढताना दोन दिवस मोकळे ठेवावेत. एक सोनमर्गच्या जादा मुक्कामासाठी, दुसरा निचनाईला कुणाचे डोके दुखले तर सगळ्या गटाने थांबण्यासाठी.